नुसतं वजन

दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी, मी पत्रपेटीकडे निघाले होते आणि शेजारचे आजोबा घरासमोर गाडी धूत होते. त्या दिवशी इथे डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, आणि तिथे नेण्यापूर्वी गाडीला न्हाऊमाखू घालण्याचा त्यांचा नेम होता. गाडी १९७६ची कॅडिलॅक फ्लीटवूड ब्रूअम. रंग पिकलेल्या जांभळाचा, छपरावर त्याच रंगाचे रेक्झिन, आणि लांबी साडेएकोणीस फुटांच्या घरात. साउथफील्डमधल्या आमच्या बैठ्या घरांची गराजे वीस फुटांची आहेत. ती गाडी आत शिरली की पुढेमागे चार बोटे जागा उरे, आणि कुठे थांबायचे ते कळावे म्हणून छतातून दोरीने टांगलेला टेनिसचा चेंडू समोरच्या काचेला टेकेपर्यंत आजोबा तिला मुंगीच्या पावलांनी पुढे नेत. मला पाहून त्यांनी नळ बंद केला. ‘‘तुम्ही दारवाल्या ना? मग सांगा, हे दार कसं आहे,’’ असे म्हणत त्यांनी चालकाच्या बाजूचे दार सताड उघडले आणि हलकेच सोडून दिले. ते स्वतःच्याच भाराने परत आले आणि लागले. गव्हाचे पोते फरशीवर बसावे तसा आवाज झाला. एकच, खर्जातला, मागे कसलीही थरथर न ठेवणारा. मी धंद्याच्या कानाने तो ऐकला आणि धंद्याच्याच तोंडाने बोलून गेले, ‘‘खरं सांगू का? हे नुसतं वजन आहे.’’

आजोबांनी ओले फडके छपरावर ठेवले. ‘‘नुसतं वजन,’’ ते स्वतःशी म्हणाले, ‘‘असेल, असेल,’’ आणि हसून त्यांनी नळ पुन्हा सोडला.

ते दोन शब्द तेव्हापासून पायातल्या खड्यासारखे मला बोचत राहिले आहेत.

मी मोटारींची दारे करते. हाताने नव्हे, संगणकाच्या पडद्यावर. डेट्रॉइटच्या परिसरात गाड्यांचे भाग पुरवणाऱ्या ज्या असंख्य कंपन्या आहेत, त्यांतल्या एकीत गेली पंचवीसहून अधिक वर्षे माझे काम दारांचे आहे, आणि त्या कामाचा निम्मा भाग म्हणजे दारातून वजन काढणे. पत्रा आणखी किती पातळ करता येईल, आतल्या पोलादी चौकटीच्या जागी अ‍ॅल्युमिनियम चालेल का, बिजागरीला दोन भोके अधिक पाडली तर किती ग्रॅम वाचतील, यावर आम्ही शहाणीसुरती माणसे भर दुपारी तावातावाने भांडतो. कामाचा उरलेला निम्मा भाग याच्या नेमका उलट आहे. वजन काढून पोकळ झालेले ते दार लागताना मात्र भरीव वाटले पाहिजे, कारण शोरूममध्ये आलेले गिऱ्हाईक इंजिन उघडून पाहत नाही, दार उघडून लावून पाहते. म्हणून पत्र्याच्या आतल्या अंगाला डांबरी पट्ट्या चिकटवायच्या, कडीच्या लोखंडी जिभेवर प्लास्टिकचे अस्तर चढवायचे, कडेचे पोकळ रबर असे निवडायचे की दार लागताना आतली हवा बेताने बाहेर पडावी आणि कानात दडा बसू नये. आवाज खालच्या पट्टीतला हवा आणि पटकन विरायला हवा. मागाहून पत्र्याची खडखड किंवा काचेची किणकिण ऐकू आली की गिऱ्हाईकाच्या मनात गाडी स्वस्त ठरलीच. थोडक्यात सांगायचे तर मी वजन काढून घेते आणि त्याच्या जागी वजनाचा आवाज बसवते, आणि याबद्दल मला पगार मिळतो.

तेव्हा आजोबांच्या दारावर मी दिलेला निकाल तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नव्हता. त्या दारात कसलीही हुशारी नाही. जाड पत्रा, भरघोस काच, ती वरखाली करणारी लोखंडी कैची आणि मोटर, बाजूने धडक बसली तर आडवी येणारी पोलादी तुळई, आणि या सगळ्यावर सावकाराच्या बैठकीत शोभेल अशी बटणे टाचलेली गादी. एवढा ऐवज एकत्र आला की दार थरथरेल तरी कशाला? बाकीच्या गाडीचीही तीच कथा. इंजिन ८.२ लिटरचे, आणि त्यातून निघणारी शक्ती १९० अश्वशक्तीची. आज याच्या पाव आकाराचे इंजिन त्याहून अधिक देते. लिटरला चार-पाच किलोमीटर म्हणजे तिची चंगळ. सव्वादोन टनांहून अधिक भार मऊ स्प्रिंगांवर ठेवलेला, त्यामुळे वळणावर गाडी एका अंगावर कलते आणि सरळ रस्ता लागल्यावरही क्षणभर तिला उठवत नाही. एका हाताच्या एका बोटाने स्टिअरिंग फिरते खरे, पण पुढची चाके त्या वेळी नेमकी काय करत आहेत याची खबर त्या बोटापर्यंत पोहोचत नाही. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या एखाद्या मुलाने असले काही आखून आणले असते, तर मी त्याला सौम्य शब्दांत दुसरे क्षेत्र सुचवले असते.

आणि तरीही ती गाडी गराजबाहेर पडल्याचा घुमारा कानी आला, की मी हातातले काम टाकून स्वयंपाकघराच्या खिडकीशी जात असे.

या ओढीचे मूळ अमेरिकेत नाही, पुण्यात आहे. माझ्या धाकट्या आत्याचे लग्न १९७४ साली झाले तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि वरातीसाठी एक उघडी, लांबच लांब अमेरिकन गाडी भाड्याने आणली होती. नवरा-नवरी मागे उंचावर बसलेली, आणि पुढच्या सलग सीटवर ड्रायव्हरच्या शेजारी आम्ही चार मुले. चार! एखाद्या मोठ्या घरच्या झोपाळ्यासारखी ती सीट होती. माझे पाय जमिनीला पोहोचत नव्हते, आणि परकराच्या खालून पोटऱ्या तापलेल्या रेक्झिनला चिकटत होत्या. पेट्रोलचा, मोगऱ्याच्या माळांचा आणि आत्याच्या शालूतल्या डांबरगोळ्यांचा असा मिळून एक वास अजूनही माझ्या नाकात आहे. दोन्ही बाजूंना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसे, पुढे बँड, आणि गाडी माणसाच्या चालीने. एवढ्या मोठ्या इंजिनाला तेवढ्या हळू चालण्याचा सराव नसावा, कारण लक्ष्मी रोडवरच बॉनेटमधून वाफ येऊ लागली आणि गाडी थांबली. बँड थांबला नाही. काकांनी कोट काढून एकाच्या हाती दिला, वडिलांनी बाह्या सारल्या, आणि नवरदेवाकडचे दोघे-तिघे धरून सहा-सात पुरुषांनी ती वरात घरापर्यंत ढकलत नेली. ड्रायव्हर मात्र शेवटपर्यंत दोन्ही हात चाकावर ठेवून अतिशय गंभीर चेहऱ्याने बसला होता. ढकलली जात असतानाही त्या गाडीचा थाट तिळभर उणावला नव्हता, एवढे मला नक्की आठवते.

कोणत्या कंपनीची गाडी होती, ते घरात कुणालाही सांगता येत नाही. त्या काळी आमच्याकडे लांब, रुंद आणि परदेशी दिसणारी प्रत्येक गाडी ‘इम्पाला’च असे. वास्तविक मुंबईला या गाड्या परक्या नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली होती, आणि पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ जुळवल्या. फियाटचे राज्य येण्यापूर्वी मुंबईत टॅक्सी म्हणून धावणाऱ्या डॉज-प्लिमथांमध्ये अख्खे बिऱ्हाड सामानासुमानासकट कसे मावत असे, ते वडील हाताने माप दाखवून सांगत. माझ्या वाट्याला त्यातले काही आले नाही. माझ्या वाट्याला ती ढकललेली वरात आली, आणि मग चोवीस वर्षांनी एक काळी लिंकन.

१९९८च्या जानेवारीत मी डेट्रॉइटच्या विमानतळावर उतरले, तेव्हा कंपनीने मला आणायला लिंकन टाउन कार पाठवली होती. माझ्या नावाची पाटी धरलेला चालक मला त्या गाडीपाशी घेऊन गेला, तेव्हा त्याचा काहीतरी घोटाळा झाला आहे अशीच माझी समजूत झाली. बत्तीस-बत्तीस किलोच्या दोन बॅगा, ज्यांनी मुंबईत दोन हमालांना घाम फोडला होता, त्या डिकीत ठेवल्यावर कोपऱ्यात बसलेल्या पोरांसारख्या दिसू लागल्या. मागच्या सीटवर मी एका टोकाला अंग चोरून बसले. तशी सवयच होती, लोकलमधली. बाहेर बर्फ पडत होते, आत हीटरची ऊब होती, आणि गाडी चालली आहे हे केवळ खिडकीबाहेरचे दिवे सरकत होते म्हणून कळत होते. दहा-पंधरा मिनिटांनी मी हळूच पाय लांब केले. समोरची सीट लागली नाही. मग आणखी लांब केले. ‘ऐसपैस’ हा शब्द मी जन्मभर वापरत आले होते, पण तो अंगाला कसा लागतो हे मला त्या रात्री समजले. पुढे कळले की ही गाडी इथून जवळच, विक्समला बनते. तो कारखाना २००७ साली बंद झाला, आणि टाउन कारही २०११ साली संपली. शेवटची काही वर्षे तिचे गिऱ्हाईक म्हणजे विमानतळावर माणसे आणणारे-नेणारे आणि अंत्यविधीची व्यवस्था करणारे. पहिल्या आणि शेवटच्या प्रवासाची गाडी, असे माझ्या ऑफिसातले लोक थोडे क्रूरपणे म्हणत.

मी सकाळी तसे बोलून गेल्यावरही आजोबांनी त्या संध्याकाळी मला आणि माझ्या मुलीला वुडवर्डला नेले. आम्ही तिघे पुढेच बसलो. मुलगी मध्ये, आणि तिच्या दोन्ही बाजूंना वितभर मोकळी जागा. आजकालच्या गाडीत चालक आणि त्याच्या शेजारचा माणूस यांच्यामध्ये कप, फोन आणि गिअर यांचा एक ओटाच बांधलेला असतो. इथे मध्ये काहीच नव्हते, फक्त गादी. मुलीला अशा गाडीत बसण्याची सवय नव्हती. बोलताना मान वळवली की माणसाचा चेहरा एवढ्या जवळ असतो, याची तिला आधी लाज वाटली आणि मग गंमत. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा तिने गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. टाकीचे झाकण सापडेना. आजोबांनी मागची नंबरप्लेट खाली ओढली, तिच्यामागे झाकण होते. डिकीचे दार त्यांनी नुसते टेकवले, आणि आत कुठेतरी एक लहानशी मोटर गुरगुरली व उरलेले दोन बोटांचे अंतर दार आपसूक खाली बसले, झोपेत पांघरूण ओढून घ्यावे तसे.

पण मला सगळ्यांत अधिक आवडली ती दिव्यांची युक्ती. अंधार पडल्यावर आजोबांनी दिवे लावले, तेव्हा लांबलचक बॉनेटच्या पलीकडे, दोन्ही मडगार्डांच्या माथ्यावर, नखाएवढे ठिपके उजळले. आणि आरशात पाहिले तर मागच्या काचेच्या वरच्या कडेला दोन तांबडे ठिपके दिसले. पुढचे दिवे, मागचे दिवे, वळणाचे दिवे, सगळे चालू आहेत की नाहीत हे चालकाला बसल्या जागी कळावे म्हणून केलेली ती सोय होती. त्या ठिपक्यांना वेगळी वीज नाही, वेगळा बल्ब नाही. दिव्याचाच थोडा उजेड पारदर्शक प्लास्टिकच्या बारीक तंतूतून वाहून तिथवर आणलेला असतो. दिवा गेला की ठिपका विझतो, खोटे बोलण्याची सोयच नाही. ‘‘हे कशासाठी?’’ मुलीने विचारले. ‘‘दिवे बघायला मागे कुणाला उभं करावं लागू नये म्हणून,’’ आजोबा म्हणाले. त्यांची पत्नी जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.

वुडवर्डवर त्या रात्री काय दिसते हे सांगणे कठीण आहे आणि सोपेही. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत पंचवीसेक किलोमीटर रस्ता, दुतर्फा हिरवळीवर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली माणसे, आणि मधून संथ वाहणारा गाड्यांचा प्रवाह. १९९५पासून हे दरसाल चालले आहे. हवेला अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास असतो. डोळे चुरचुरतात, आणि अशा हवेत लहानपण काढलेली माणसे ती खोलवर आत ओढून घेतात. तिथे गर्दी खेचतात त्या पन्नासच्या दशकातल्या, शेपटीला पंख फुटलेल्या गाड्या. जनरल मोटर्सच्या गाड्यांचे रूप ठरवणाऱ्या हार्ली अर्ल यांच्या खात्यातल्या मंडळींनी पी-३८ हे लढाऊ विमान पाहिले, १९४८च्या कॅडिलॅकच्या मागच्या बाजूला त्याची एक लाजरी आठवण ठेवली, आणि १९५९पर्यंत त्या आठवणीची दोन उभी पाती होऊन तिला बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे तांबडे दिवे लागले. मला ते पंख कधीच आवडले नाहीत. दाराच्या माणसाला शेपटीत काय रस असणार! शिवाय त्यांत ‘पाहा, पाहा’ असा एक ओरडा आहे. सत्तरच्या दशकातल्या या शेवटच्या मोठ्या गाड्या ओरडत नाहीत. आपला काळ सरत आला आहे हे ठाऊक असल्यासारख्या त्या नुसत्या पसरून बसतात.

काळ खरोखरच सरत आला होता. १९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. १९७५ साली कायदा झाला की कंपनीने विकलेल्या मोटारींनी दर गॅलन पेट्रोलमागे सरासरीने अमुक इतके अंतर कापलेच पाहिजे. १९७७ची कॅडिलॅक आली ती जवळपास चारशे किलोंनी हलकी होऊन. त्याआधी १९७६च्या २१ एप्रिलला डेट्रॉइटमध्ये क्लार्क स्ट्रीटच्या कारखान्यातून ‘शेवटची अमेरिकन उघडी गाडी’ म्हणून एक पांढरी कॅडिलॅक एल्डोराडो समारंभाने बाहेर काढण्यात आली. लोकांनी त्या वर्षीच्या एल्डोराडो गुंतवणूक म्हणून घेतल्या आणि गराजांत झाकून ठेवल्या. पुढे येणाऱ्या हळहळीचा असा आगाऊ साठा करून ठेवणे मला फार मजेशीर वाटते, आपण मे महिन्यात वर्षभराचे पापड करून ठेवतो त्यासारखे. पण १९८४ साली कंपनीने उघडी एल्डोराडो पुन्हा बाजारात आणली, आणि साठा करणाऱ्यांतल्या काहींनी चक्क कोर्टात धाव घेतली. हळहळ वाया गेल्याची नुकसानभरपाई!

आमच्या धंद्यात मात्र याहून मोठा विनोद पुढे घडला. त्या कायद्यात मोटारींसाठी एक मोजपट्टी होती आणि मालवाहू गाड्यांसाठी दुसरी, ढिली. तेव्हा मोटार वाढवता येत नसेल तर ट्रकला मखमल लावू, असे सगळ्यांनी ठरवले. कॅडिलॅकची शेवटची मोठी फ्लीटवूड टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात १९९६पर्यंत बनत होती. ती थांबवून तिथे ट्रकच्या सांगाड्यावरच्या गाड्या काढण्यात आल्या, आणि कॅडिलॅकची आजची एस्कलेड तिथेच बनते. तिचा लांब नमुना पावणेसहा मीटरच्या पुढे जातो, वजनात तो आजोबांच्या गाडीपेक्षा भारी भरतो, आणि विजेवर चालणाऱ्या काही नव्या गाड्या तर चार टनांपर्यंत पोहोचल्या आहेत. म्हणजे मी पंचवीस वर्षे ग्रॅम ग्रॅम वेचले आणि गाड्या एकूणात जाडच झाल्या. फरक पडला तो उंचीत. आजोबांच्या कॅडिलॅकच्या छपरावरून मला पलीकडचे दिसे; एस्कलेडचे छप्पर माझ्या डोक्याच्याही वर जाते. पूर्वीची श्रीमंती लोडाला टेकून, पाय पसरून बसायची. आताची उंच जोत्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे वरून पाहते. मला पहिली अधिक आवडते, एवढेच. ती अधिक शहाणी होती असे मी म्हणणार नाही.

परतताना मुलगी मध्येच पेंगली आणि तिचे डोके आजोबांच्या खांद्याला लागले. ते तसेच, खांदा न हलवता, एका बोटाने गाडी चालवत राहिले आणि हळू आवाजात बोलत राहिले. त्यांचे लहानपण एट माइल रस्त्याच्या पलीकडे गेले होते, डेट्रॉइटच्या हद्दीत, आणि त्यांच्या वस्तीच्या कडेला एक भिंत होती. ती भिंत आजही आहे. सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब. कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती, आणि मध्ये भिंत घातल्याखेरीज सरकार कर्जाला हमी देईना, म्हणून १९४१ साली एका बिल्डरने ती उभारली. ‘‘घर कुठे घ्यायचं ते बँक ठरवायची,’’ आजोबा म्हणाले. ‘‘गाडी कुठली घ्यायची ते आम्ही.’’ हेही नेहमी खरे नव्हते. १९३०च्या दशकापर्यंत कृष्णवर्णीय माणसाला कॅडिलॅक विकायची नाही असे कंपनीचे धोरणच होते, आणि ज्यांच्याजवळ पैसे होते ते एखाद्या गोऱ्या माणसाला दलाली देऊन त्याच्या नावाने गाडी घेत. मंदीत कॅडिलॅक बुडायला टेकली, तेव्हा सर्व्हिस विभाग सांभाळणाऱ्या निकोलस ड्रायस्टाट यांनी वरिष्ठांना दाखवून दिले की आपल्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी गाड्यांचे खरे मालक कोण आहेत ते पाहा. धोरण बदलले आणि विक्री वाढली. न्यायबुद्धीने नव्हे, हिशेबाने. आजोबांनी मला हे सगळे सांगितले नाही; त्यांनी ते एकच वाक्य सांगितले, बाकीचे मी नंतर वाचले. ती गाडी माझ्यासाठी वरातीची आणि विमानतळाची होती. त्यांच्यासाठी ती काय असेल याचा विचार करण्याची गरज मला सकाळी भासली नव्हती.

या मार्चमध्ये आजोबा गेले. जूनच्या एका शनिवारी त्यांच्या घरात एस्टेट सेल झाला. ही इथली रीत मला इतक्या वर्षांनंतरही अंगवळणी पडलेली नाही: दारे उघडी, आणि अनोळखी माणसे कपाटे उघडून पातेल्यांवरच्या किमती वाचत हिंडतात. मी गराजमध्ये गेले. गाडीला किमतीची चिठ्ठी नव्हती. ती ओहायोच्या एका माणसाने आधीच घेतली होती आणि संध्याकाळी तो ट्रेलर घेऊन येणार होता. टेनिसचा चेंडू काचेला टेकलेला होता आणि त्या जागी काचेवर बारीक धुळीचे एक वर्तुळ उमटले होते. आजोबांची मुलगी शिकागोहून आली होती. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘तुम्ही दारवाल्या का? बाबा तुमच्याबद्दल सांगायचे. म्हणायचे, शेजारी आपल्याच धंद्यातली बाई आली आहे.’’

आपल्याच धंद्यातली?

तेव्हा मला कळले. क्लार्क स्ट्रीटच्या कारखान्यात कॅडिलॅक पूर्ण होत, पण त्यांचे वरचे अंग तिथे बनत नसे. ते फोर्ट स्ट्रीटकडच्या फिशर बॉडीच्या फ्लीटवूड कारखान्यात बनत असे आणि तिथून ट्रकवर चढून क्लार्क स्ट्रीटला जात असे. दोन्ही कारखाने १९८७ साली बंद झाले. त्या फ्लीटवूड कारखान्यात आजोबांनी वीस वर्षे दारे बसवली. संगणकाच्या पडद्यावर नव्हे. दार पट्ट्यावरून समोर आले की ते खांद्याने तोलायचे, बिजागरीचे बोल्ट आवळायचे, लावून पाहायचे. कड वर राहिली तर लाकडाचा ठोकळा सांध्यात धरून गुडघ्याचा आणि पाठीचा जोर लावायचा, पुन्हा लावून पाहायचे. फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली आणि आवाज एकच आला, की पुढचे. ‘‘त्यांचा उजवा खांदा कायमचा खाली गेलेला होता, तुमच्या लक्षात आलं असेल,’’ मुलगी म्हणाली. माझ्या लक्षात आले नव्हते. एका पाळीत किती दारे होत असतील आणि एका दाराचे किती किलो, असा गुणाकार माझ्या डोक्यात सवयीने सुरू झाला आणि मी तो अर्ध्यावर सोडून दिला. याच गाडीची दारे त्यांनी बसवली होती का, असे मी विचारले. ‘‘ते म्हणायचे, शक्य आहे. चालकाकडचं तर नक्की आपलंच वाटतं.’’

माझे कान तापले होते. मी काय बोलले होते ते त्यांनी मुलीला सांगितले होते का, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही. बाहेर कुणीतरी काचेच्या भांड्यांची घासाघीस करत होते. (इथे हेही लिहून ठेवायला हवे की त्यानंतरच्या सोमवारी मी कामावर गेले आणि एका नव्या दाराच्या बिजागरीतून चाळीस ग्रॅम काढले, आणि त्याचा मला नेहमीइतकाच आनंद झाला.)

संध्याकाळी ओहायोचा माणूस आला. भला माणूस होता, आणि गाडीकडे पाहताना आवाज खाली आणत होता. ट्रेलरवर चढवण्याआधी दिवे तपासून घेऊ, असे तो म्हणाला. आजोबांच्या मुलीला ती गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी चालकाच्या जागी बसले. सीट त्यांच्या उंचीला लावलेली होती. माझे पाय पेडलला जेमतेम पोहोचले. आत त्यांच्या हातांना लावायच्या मलमाचा मंद वास होता. इंजिन दुसऱ्या प्रयत्नाला धरले, मी गाडी सावकाश मागे घेतली, आणि समोर चेंडू एकटाच हलत राहिला. मग दिवे लावले. मडगार्डांवर ठिपके उजळले. तो माणूस गाडीला वळसा घालून मागे निघाला होता. तो अजून डिकीपर्यंतही पोहोचला नसेल, तोवर मला आरशात दोन तांबडे ठिपके दिसले होते, आणि मी खिडकीतून ओरडून सांगितले की मागचे दोन्ही चालू आहेत. तो तरीही गेला, वाकून पाहिले, आणि अंगठा वर केला.

मी उतरले आणि दार लावले. मग ते पुन्हा उघडले, पूर्ण, बिजागरी अडेपर्यंत, आणि हलकेच सोडून दिले.

‘‘काही बिघाड आहे का?’’ त्या माणसाने काळजीने विचारले.

‘‘नाही,’’ मी म्हटले. ‘‘नीट बसवलेलं आहे.’’